कोपराखाली चार बोटं

चाळीस वर्षं झाली मले सुतारकीत. बाभुळगावात बबनराव सुताराचं दुकान कुठं म्हणून कोणालेही विचारा, हात धरून आणून सोडन. माही एक फळी वाकडी गेली असं कोणी म्हणून दाखवावं. अन् तरी त्या तांड्यावरच्या सयपाकघरात ज्या दिवशी मी उभा होतो, त्या दिवशी मले माह्या हाताचीच खात्री राह्यली नव्हती. चूक झाली होती हे साऱ्याईले दिसत होतं. कोणाची झाली, ते मले आजही धड सांगता येत नाही. मी समजत होतो माह्या नावाचा सवाल आहे. सवाल होता एका बाईनं कोणत्या घरात राहावं याचा, अन् हे मले सगळ्याच्या शेवटी समजलं.

कळंबच्या वाटेनं गेलं की डाव्या हाताले एक तांडा लागते. तिथला राजकुमार वणीकडे कोळशाच्या खाणीत डंपर चालवते. शनिवारी संध्याकाळी येते, सोमवारी सकाळी जाते. त्यानं जुन्या घराच्या बाजूलेच, वीस पावलावर, नवं घर बांधलं. स्लॅबचं, वरतं पाण्याची टाकी, समोर लोखंडी गेट. त्याच्या बापानं, लालसिंगनं, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सागाची झाडं लावलती. बाप गेला, झाडं मोठी झाली. राजकुमारनं रीतसर परवानगी काढून ती पाडली, यवतमाळच्या आरा मशीनवर चिरून आणली, दरवाजे-चौकटी करून घेतल्या अन् उरलेलं सारं लाकूड माह्या दुकानात आणून टाकलं.

"बबनकाका," म्हणे, "याच्यात सयपाकघर बसवा. खालतं कपाटं, वरतं कपाटं, भांड्याची मांडणी. सगळं भिंतीले लागून बसलं पाह्यजे. दुसरं लाकूड काही मिळणार नाही, हेच शेवटचं."

मी म्हटलं, होऊन जाईन.

आता माही एक पद्धत आहे, ती सांगणं भाग आहे. सयपाकघराची रुंदी मी टेपानं मापतो, उंची नाही मापत. ते मॉड्युलरवाले तयार डबे आणून भिंतीले ठोकतात, जशा काही जिल्ह्यातल्या साऱ्या बायका एकाच साच्यातून काढल्या. मले त्याईचा राग येते. मंग ती बाई जलमभर एक तर वाकून भाजी चिरते, नाही तर चवड्यावर उभी राहून डबा काढते, अन् कंबर धरून दवाखान्याच्या चकरा मारते. मी सागाची एक पट्टी घेतो. जिच्या हातानं सयपाक होते तिले भिंतीपाशी उभी करतो अन् पट्टीवर तीन खुणा मारतो. कोपराखाली चार बोटं, तिथं ओटा. नाकाच्या बरोबरीनं वरची कपाटं सुरू. हात वर करून मूठ जिथं बंद होते, तिथं सगळ्यात वरची फळी. आकडा कुठंच लिहीत नाही. दुकानात पट्टी लाकडावर ठेवली की झालं. ही माह्या बापाची पद्धत. त्याच्या बापाची नाही, कारण तवा ओटाच नव्हता, बायका खालतं बसूनच सयपाक करत.

दिवाळी झाली होती, कापूस वेचाईचे दिवस होते. राजकुमारचा वणीहून फोन आला. "काका, मी घरी सांगून ठेवलं. तुम्ही जा अन् माप घेऊन या."

मी गेलो. त्याची माय, रुपीबाई, अंगणात बाजेवर बसून तूर निवडत होती. म्हातारीले कमी ऐकू येते. मी जोरानं विचारलं, "सयपाक कोण करते घरात?"

तिनं जुन्या घराकडे तोंड करून हाक मारली, "बबिता."

आतून मिरच्या भाजल्याचा ठसका आला अन् त्याच्यामागून एक बाई आली. चाळिशीतली, ठेंगणी, साडेचार फुटाच्या वर काही नसन. डोक्यावरून पदर घट्ट गुंडाळलेला. मी म्हटलं ही सून. घरात सासू बसली, सुनेचा पदर डोक्यावर, याच्यात विचारायचं काय होतं? मिरच्या भाजताना केसात तिखट धूर बसू नये म्हणून बाई पदर गुंडाळते, हे माह्या डोक्यात काहून आलं नाही कोण जाणे. ती म्हातारीले 'याडी' म्हणाली. याडी म्हणजे माय. मले वाटलं, त्याईच्यात सुनाही सासूले तसंच म्हणत असतील. मले त्याईची गोरमाटी बोली कुठं येते?

"माप घ्याचं आहे," मी म्हटलं. "नव्या सयपाकघराचं."

"माहं?" ती म्हणे.

"सयपाक तुम्हीच करता ना?"

"मीच करतो."

"मंग तुमचंच."

ती जराशी थांबली. म्हातारीकडे पाह्यलं. म्हातारी तूर निवडत होती. मंग ती आत गेली, हात धुतले, तोंडावरून पाणी फिरवलं अन् नव्या घराच्या भिंतीपाशी येऊन उभी राह्यली, फोटो काढायले उभं राहावं तशी. मी खुणा मारल्या. तिच्या मनगटावर चुलीचे चटके होते, जुने, एकावर एक. मी पट्टी फडक्यात गुंडाळून राह्यलो होतो तवा तिनं विचारलं, "म्हणजे हे सगळं माह्या मापानं होईन?"

"दुसऱ्या कोणाच्या मापानं करू?"

"मी डावखुरी आहे," ती म्हणे. "पिठाचा डबा डाव्या हाताले ठेवता येईन का?"

मले बरं वाटलं. गिऱ्हाइकानं असं सांगावं, तवा काम करायले मजा येते. मी म्हटलं, पिठाचा डबा डावीकडे, चाकू-झाऱ्याचा खण डावीकडे, कपाटाची दारंही डाव्या हातानं उघडतील अशी बसवतो. ती हसली. लय हसली असं नाही, पण हसली.

दोन महिने मी त्या लाकडावर काम केलं. लालसिंगचा साग उत्तम निघाला, रेघ सरळ, गाठ कमी. मले फळी फळीले हात फिरवावा वाटे. माही बायको मैनाबाई चिडे, म्हणे घरातल्या कपाटाचं दार वर्षभरापासून लोंबते, तिकडे पाहा जरा.

मंग टेम्पोत माल घालून शुक्रवारी तांड्यावर गेलो. टेम्पोवाल्या पिंटूले हाताखाली घेतलं. शुक्रवार अन् शनिवार, दोन दिवसांत सगळं बसवलं. खालचे खण भिंतीले कसले, वरची रांग कसली, मांडणी लावली. वरून ग्रॅनाइट तेवढं यायचं होतं. बबिता चहा घेऊन यायची. कप ठेवायची अन् उभी राहायची. एकदा तिनं खालच्या खणावर लाटायले ठेवतात तसे दोन्ही हात ठेवले अन् तशीच राह्यली. मी पाठ केली, म्हटलं पाहू दे बिचारीले तिचं सयपाकघर.

त्या आठवड्यात राजकुमार शनिवारी आला नाही, रविवारी सकाळी आला. त्याच्यासोबत एक उंच बाई होती, त्याच्याच बरोबरीची, चष्मा लावलेली, खांद्यावर पर्स. मी समजलो कोणी पाव्हणी. राजकुमारनं लाकडावर हात फिरवला अन् त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाप पाह्यजे होता," म्हणे. मले लय बरं वाटलं. तेवढ्यात ती उंच बाई ओट्यापाशी गेली अन् भाजी चिरल्यासारखं करून पाह्यलं. कंबरेत वाकली. पुन्हा पाह्यलं, पुन्हा वाकली. मंग सरळ झाली, तर वरच्या कपाटाचा काठ तिच्या गळ्याशी आला.

"हे असंच राहणार आहे का?" तिनं विचारलं.

राजकुमारनं पाह्यलं. "काका, हे खालतं काहून दिसून राह्यलं?"

"खालतं कुठं? बरोबर आहे."

"वीतभर खालतं आहे. फरशी वर आली का?"

आता फरशी कशी वर येईन? पण माणूस गोंधळला की त्याले फरशीवरच संशय येते. त्यानं टेप आणला. मी लेव्हल ठेवली. फरशी सरळ. खण सरळ. मी पट्टी काढून लावली, तिन्ही खुणा बरोबर. पुन्हा लावली, पुन्हा बरोबर. माहं डोकं तापलं. म्हटलं, "राजकुमार, पट्टी खोटं बोलत नाही. घरच्या बाईचं माप घेतलं अन् त्याच मापानं केलं."

"माहं माप?" ती उंच बाई म्हणे. "कधी घेतलं?"

"तुमचं कायले घेऊ? या घरच्या सुनेचं घेतलं."

"या घरची सून मीच आहे."

मी राजकुमारकडे पाह्यलं. तो म्हणे, "काका, ही उज्ज्वला. माही बायको. बाभुळगावले शाळेत शिकवते, दोन दिवस माहेरी गेलती. तुम्ही माप कोणाचं घेतलं मंग?"

उज्ज्वलानं तोपर्यंत दारं उघडून पाहायले सुरुवात केली होती. "ही दारं उलटी काहून उघडतात? अन् पिठाचा डबा इकडे?" ती उजव्या हातानं ओढायची अन् दार तिच्याच अंगावर यायचं. मंग ती थांबली. मले वाटते तिले तिथंच समजलं. त्या घरात डावखुरं माणूस एकच होतं.

दारात बबिता उभी होती, चहाचं ताट घेऊन. डोक्यावर पदर नव्हता.

"ती कोण मंग?" मी राजकुमारले हळूच विचारलं.

"बाई. माही मोठी बहीण." तोही हळूच बोलला. "बारा वर्षं झाली, उमरखेडकडून परत आली. नवऱ्यानं दुसरी केली."

मी तिच्याकडे पाह्यलं. ती माह्याकडे पाहून राह्यली होती. आता मले एका दमात दोन गोष्टी कळल्या. म्हणजे कळल्या असं वाटलं. एक, की मी सांगितलं की तुमच्या बहिणीनं स्वतः उभं राहून माप दिलं, पिठाचा डबाही सांगितला, तर ती सगळ्याईसमोर लबाड ठरते. भावजयीचं सयपाकघर लाटायले निघाली असं होते. अन् दोन, की मी म्हटलं मी चुकलो, तर चाळीस वर्षांचं नाव गेलं, तांड्यावरून बाभुळगावापर्यंत जाईन, की म्हातारपणी बबनरावले सून कोण अन् पोरगी कोण तेही दिसत नाही. लाकूड तर संपलंच होतं. मले त्या घडीले तिचाही राग आला, सांगून देतो. तुले तोंड नव्हतं का? 'मी सून नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण मी सून म्हणून विचारलंच कुठं होतं?

"माही चूक आहे," मी म्हटलं. "मी नीट विचारलं नाही. घाईत होतो."

"नाही," बबिता म्हणे.

तिनं ताट खाली ठेवलं.

"त्याईनं नीट विचारलं. सयपाक कोण करते, म्हणून विचारलं. मी म्हटलं मी करतो. मी उभी राह्यली. पिठाच्या डब्याचंही मीच सांगतलं."

पिंटू बाहेर टेम्पोत गाणी लावून बसला होता, ती ऐकू येत होती.

"पण बाई," राजकुमार म्हणे, अन् तो खरंच गोंधळला होता, त्याच्या आवाजात राग नव्हता, "तू काहून उभी राह्यली? तू तर तिकडेच राहणार आहेस ना. याडीपाशी."

"तिकडे म्हणजे?"

"जुन्या घरात."

"कोण म्हटलं?"

राजकुमारनं उज्ज्वलाकडे पाह्यलं. उज्ज्वलानं राजकुमारकडे. मले साफ दिसत होतं, दोघंही एकमेकाले विचारत होते की तू सांगितलं नाही का. घर बांधायले वर्ष लागलं. पाया खोदला, स्लॅब पडला, रंग झाला. तांड्यावर सगळ्याईले माईत होतं कोणत्या खोलीत कोण झोपणार. पोरगी सलोनीची खोली वेगळी, पाव्हण्याची वेगळी. अन् ह्या बाईले कोणी सांगितलंच नाही की तुही खोली इथं नाही. दोघाईनंही समजून घेतलं की तिले समजलं असन. तीही समजून बसली की वीस पावलावर घर होऊन राह्यलं, आपण सारे जाऊ.

"आम्हाले वाटलं तुमाले माईतच आहे," उज्ज्वला म्हणे. तिचा आवाज बारीक झाला होता. बाई वाईट नव्हती, हे मी मुद्दाम सांगून राह्यलो. "याडीले एकटं कसं ठेवायचं? अन् जुनं घर काही दूर नाही."

"नाही, दूर नाही," बबिता म्हणे.

तेवढ्यात रुपीबाई काठी टेकत आली. तिनं गोरमाटीत काही विचारलं. बबितानं तिच्या कानाशी वाकून काही सांगितलं. म्हातारी बराच वेळ लेकाकडे पाहत राह्यली, मंग दोन शब्द बोलली. मले काही समजलं नाही. राजकुमारनं मान खाली घातली, एवढं दिसलं.

मी मधातच बोललो, सुताराचं बोलणं. मले शांतता सहन होत नाही. म्हटलं, उपाय आहे. खालच्या खणाखाली वीतभर चौकट देऊ, वरची रांग खोलून वर चढवू. दारं फिरवता येतात. दोन दिवसांचं काम. कोणाले काही कळणारही नाही. राजकुमारले धीर आला. "करा काका," म्हणे, "असंच करा."

"थांबा," बबिता म्हणे. ती ओट्यापाशी आली अन् परवासारखेच दोन्ही हात त्यावर ठेवले. "राजू, हे लाकूड बापूचं ना?"

"हाव."

"माहाही बाप होता तो."

"असं कोण नाही म्हणते, बाई?"

"धुऱ्यावरच्या झाडाईले पाणी कोण टाके? तू तवा शाळेत होता." ती रडत नव्हती. मीच मनात म्हणून राह्यलो, हिनं रडावं, म्हणजे सगळ्याईले समजावता येईन. "मी नवऱ्याचं घर सोडून आली, काही घेऊन नाही आली. इथंही काही मागतलं नाही. हे एक मिस्त्रीनं माह्या मापाचं केलं. ते वाकडं करू नका. खोला अन् तिकडे लावून द्या, जुन्या घरात. याडीपाशी राहायचं तर तिथंच सयपाक करतो."

"अन् इथं काय?" राजकुमार म्हणे.

"इथं उज्ज्वलाच्या मापाचं करा. प्लायचं करा. बाजारात चांगलं प्लाय मिळते."

गिऱ्हाईक राजकुमार होता. मले बोलावणारा, सांगणारा तोच. हक्काचं बोलावं तर लाकडात तिचाही हिस्सा असन, मी काही वकील नाही. जुन्या घराची भिंत मातीची, तिथं हे खण कसे कसायचे, हेही माह्या डोक्यात फिरायले लागलं, म्हणजे पाहा, मन कुठच्या कुठं जाते. अन् मधातच वाटलं, हिनं त्या दिवशी भिंतीपाशी उभं राहताना हे सारं ठरवलं होतं का? की मी साधा प्रश्न विचारला, तिनं साधं उत्तर दिलं? ती पाणी मारून तोंड धुऊन आली होती, ते काहून? मले अजून समजलं नाही. मैनाबाईले सांगितलं तवा ती म्हणे, तुमाले नाहीच समजणार.

सगळ्यात जास्त गोंधळली होती उज्ज्वला. ती एकदा ओट्याकडे पाहे, एकदा बबिताकडे. तिच्या तोंडून निघून गेलं, ठरवून बोलली असं मी म्हणणार नाही.

"पण बाई, मंग आमचा सयपाक? मले सात वाजता शाळेत निघावं लागते. इथं तर तुम्हीच करणार होत्या ना?"

बोलली अन् तिनं तोंडावर हात ठेवला. राजकुमारनं डोळे मिटले. नव्या घरात राहायचं नव्हतं बबितानं, पण रोज सकाळी वीस पावलं चालत येऊन पोळ्या टाकायच्या होत्या. तेही साऱ्याईनं समजूनच घेतलं होतं.

बबिता तिच्याकडे पाहत राह्यली. रागानं नाही. मापानं पाहावं तसं, पायापासून डोक्यापर्यंत.

"तुह्या मापाचा ओटा झाला की माहा हात पोचणार नाही, उज्ज्वला," ती म्हणे.

मंग ती माह्याकडे वळली. "खोला, मिस्त्री."

राजकुमार थांबा म्हणेन म्हणून मी वाट पाह्यली. तो फरशीकडे पाहत होता. म्हातारी दारात काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती, हलली नाही. मी पिंटूले हाक मारली, ड्रिल उलटं फिरवायले लावलं अन् भांड्याच्या मांडणीचा पह्यला स्क्रू काढला. मांडणी एका बाजूनं सुटली. बबितानं खालून दोन्ही हातांनी ती धरून ठेवली.